हौशी फोटोग्राफी म्हणजे काय? बारामती-इंदापूरच्या फोटोंवरून समजून घ्या

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी खाली गेले की एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. भेगाळलेला गाळ, मागे थोडेसे पाणी आणि मध्ये उभे असलेले जुने दगडी मंदिर. बहुतेक वेळा हे मंदिर इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे असते. पण फोटो कोणी काढला, कोणत्या वर्षी काढला, त्या दिवशी पाणी किती होते, हे फोटोसोबत येत नाही. कधी तो यंदाचा असतो, कधी पाच वर्षांपूर्वीचा. आपण तो बघतो, पुढे पाठवतो आणि विसरतो.

असे फोटो काढणारे बहुतेक लोक व्यावसायिक छायाचित्रकार नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी शेतकरी, कोणी बँकेत कामाला, कोणी कॉलेजात शिकणारी मुलगी. सुट्टीच्या दिवशी फिरायला जाताना, वारीत चालताना किंवा रोजच्या येण्याजाण्यात ते फोटो काढतात. यालाच हौशी फोटोग्राफी म्हणतात. तिची सुरुवात कशी झाली, बारामती-इंदापूर भागात काय काय टिपता येते आणि साधा फोटो पुढच्या पिढीला उपयोगी पडेल अशी नोंद कसा बनतो, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

• हौशी फोटोग्राफी म्हणजे पैशासाठी नव्हे, तर आवडीसाठी आणि आठवणीसाठी केलेले छायाचित्रण.
• बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन तालुके. भिगवणचे पक्षी, पळसदेवचे मंदिर, चिंकाऱ्यांचे माळरान, तुकोबांची पालखी आणि ऊसतोडणी हे इथले मोठे विषय.
• तारीख, गाव आणि माणसांची नावे लिहून ठेवली, तर साधा फोटोही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. ती नसतील तर चांगल्या फोटोचाही उपयोग कमी होतो.
• फोटो ज्याने काढला, त्याचाच सहसा त्यावर कॉपीराइट असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही.

हौशी फोटोग्राफी म्हणजे काय?

फोटोग्राफीचे ढोबळमानाने दोन भाग करता येतात. व्यावसायिक फोटोग्राफर लग्न, बातमी, जाहिरात अशा कामासाठी फोटो काढतो. काय काढायचे हे बऱ्याचदा गिऱ्हाईक किंवा संपादक ठरवतो. हौशी माणसाला असे कोणी सांगत नाही. त्यामुळे ज्या गोष्टींचे फोटो काढायला कोणी पैसे देणार नाही, त्या त्याच्याकडे सापडतात: एसटी स्टँडवरची गर्दी, रसवंतीचा लाकडी घाणा, शाळेसमोरची चिंच, पावसात भिजलेली मेंढरे.

झटकन काढलेल्या अशा फोटोला 'स्नॅपशॉट' म्हणतात. हा शब्द मुळात शिकारीतला. फारसा नेम न धरता पटकन झाडलेली गोळी म्हणजे स्नॅपशॉट. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८६० मध्ये तो फोटोसाठी वापरला. तेव्हा एका फोटोसाठी माणसाला बराच वेळ स्तब्ध बसावे लागे, म्हणून क्षणात फोटो निघणे ही कल्पनाच नवी होती.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात कसा आला?

भारतात फोटोग्राफी लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. ते पेशाने डॉक्टर होते. मात्र तेव्हाचे साहित्य महाग आणि अवजड होते, रसायनेही स्वतः हाताळावी लागत. त्यामुळे हा छंद मोजक्या लोकांपुरताच राहिला.

मोठा बदल अमेरिकेत झाला. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात १०० फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा, मग छापलेले फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येई. पुढे १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा 'ब्राउनी' आला आणि लहान मुलेही फोटो काढू लागली.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा पोहोचला तो बडोद्यात बनणाऱ्या 'आगफा क्लिक थ्री'सारख्या साध्या डब्यामुळे. एका रोलमध्ये १२ फोटो. नंतर ३५ मिलिमीटर फिल्मचे 'हॉट शॉट'सारखे कॅमेरे आले आणि एका रोलवर ३६ फोटो निघू लागले. तरीही रोल विकत घेणे, तो धुवायला टाकणे आणि प्रिंट काढणे हा खर्च असल्यामुळे फोटो जपून काढले जात. सहल, बारसे, लग्न, नवीन ट्रॅक्टर असे काही कारण लागे.

मोबाइलने हा खर्च जवळजवळ संपवला. आता एका सहलीत ५०० फोटो निघतात. पण रोलच्या काळात प्रिंटच्या मागे पेनने तारीख आणि नाव लिहायची सवय अनेक घरांत होती, ती मोबाइलबरोबर सुटली. म्हणून आज फोटो भरपूर आहेत आणि त्यांची माहिती मात्र कमी.

बारामती-इंदापूर भागात काय टिपता येते?

हा भाग कमी पावसाचा. इंदापूर तालुक्याच्या एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा. दोन्ही नद्या नीरा नरसिंहपूरला एकत्र येतात आणि तिथे संगमावर लक्ष्मी-नरसिंहाचे मंदिर आहे. बारामती शहरातून कऱ्हा नदी जाते. ब्रिटिश काळात झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे एका बाजूला हिरवा ऊस आणि कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या भागात कोरडे माळरान, अशी दोन टोके इथे काही किलोमीटरच्या अंतरात दिसतात.

१) भिगवण आणि उजनीचा फुगवटा

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात आहे, पण पाण्याचा फुगवटा इंदापूर आणि दौंड तालुक्यांपर्यंत पसरतो. पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर सोलापूर महामार्गावरचे भिगवण, तसेच जवळची कुंभारगाव आणि डिकसळ ही गावे पक्षी पाहण्यासाठी प्रसिद्ध आहेत. नोव्हेंबर ते मार्च हा मुख्य हंगाम. मासेमारी करणारे स्थानिक तरुण नाव चालवतात आणि पक्ष्यांची ओळखही करून देतात.

सगळ्यांना हवा असतो तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. तो चोच उलटी धरून उथळ पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. उथळ पाणी आणि गाळ नसेल तर त्याला खाता येत नाही. म्हणून धरण काठोकाठ भरलेले असताना रोहित कमी दिसतात आणि पाणी ओसरू लागले की वाढतात. एकाच जागेचे दरवर्षीचे फोटो तारखेसह ठेवले, तर हा संबंध डोळ्यांसमोर येतो.

रोहितशिवाय हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, चमचे, शेकाटे, सुरय, मासे पकडणारी मोरघार असे कितीतरी पक्षी इथे दिसतात. चित्रबलाक हा रंगीत करकोचा जवळच्या भादलवाडी तलावात आणि खुद्द इंदापूर शहरातल्या जुन्या चिंचांवर घरटी करतो. भर वस्तीतल्या कचेरीच्या आवारात एवढा मोठा पक्षी पिले वाढवतो, हा रोजच्या जगण्यातला फोटो आहे. त्यासाठी मोठी लेन्स लागत नाही.

नावेत बसताना जीवरक्षक जाकीट घालाच. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा अचानक सुटतो. फोटोसाठी नावेत उभे राहू नका, सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नका.

२) पळसदेवचे मंदिर

उजनीच्या पाण्यात अनेक गावांची जुनी ठिकाणे गेली. त्यातलेच एक पळसदेव. गाव वर सरकले, पण पळसनाथाचे जुने मंदिर जागेवरच राहिले. एरवी ते पाण्यात असते आणि पाणी खूप खाली गेले की उघडे पडते.

यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक भाग मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या पातळीखाली राहणारे पाणी. उरलेला सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा. तो संपला की धरण 'शून्य टक्के' होते. त्यानंतर मृतसाठ्यातले पाणी वापरले, तर टक्केवारी उणे दाखवतात. उणे ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतके पाणी मृतसाठ्यातून कमी झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी जवळजवळ उणे ६० टक्क्यांपर्यंत गेले होते.

म्हणून पळसदेवच्या फोटोत मंदिराचा किती भाग उघडा आहे, हीच दुष्काळाची खूण ठरते. तारीख असेल तर त्या दिवशीची धरणाची टक्केवारी शोधून फोटोशी जुळवता येते. तारीख नसेल तर फोटो कोणत्याही वर्षाच्या बातमीला चिकटवला जातो, आणि नेमके तसेच होते.

३) माळरान आणि तिथले प्राणी

बारामती तालुक्यात सुपे इथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे. इथे चिंकारा दिसतो. बारामतीतले शिर्सुफळ आणि इंदापूरमधले कडबनवाडी इथेही गवताळ माळ आहेत. वन विभागाने या दोन ठिकाणी अलीकडच्या वर्षांत गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, खोकड, धाविक, माळटिटवी, चंडोल आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या हे इथले रहिवासी आणि पाहुणे.

सरकारी कागदांत माळरानाला बऱ्याचदा 'पडीक जमीन' म्हटले गेले. फोटोंनी हा समज बदलायला मदत केली आहे. पिवळ्या गवतात उभा चिंकारा किंवा मेंढरांच्या कळपामागून जाणारा लांडगा पाहिला की ही जमीन रिकामी नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

४) तुकोबांची पालखी

तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला असे मानले जाते. देहूहून पंढरपूरला जाणारी ही पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीत अश्वांचे गोल रिंगण होते. पुढे निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांचे स्नान होते. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो.

रिंगणाचा फोटो काढायचा तर दोन तास आधी उंचवट्याची जागा धरावी लागते. अश्व काही क्षणांतच समोरून जातो, म्हणून मोबाइलमध्ये सलग फोटो काढण्याची सोय आधीच चालू ठेवा. रिंगणाच्या आत पाय टाकू नका. पाऊस असतोच, त्यामुळे एक प्लास्टिकची पिशवी आणि कोरडे फडके जवळ ठेवा.

रिंगणाचे फोटो हजारो लोक काढतात. दुपारच्या विसाव्यात भाकरी बांधून देणारी घरे, चपला शिवून देणारा कारागीर, ट्रकखाली झोपलेले वारकरी, रात्री शाळेच्या व्हरांड्यात चाललेले भजन हे फोटो कमी निघतात. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे जाणारा पालखी मार्ग आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग होत आहे. जुना अरुंद रस्ता आणि त्याच्या कडेची झाडे ज्यांच्या फोटोत आहेत, त्यांनी ते नीट सांभाळावेत.

५) ऊस, पाणी आणि रोजचे जगणे

माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे या भागातले जुने सहकारी साखर कारखाने. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. बहुधा नवरा-बायकोची जोडी मिळून काम करते, तिला 'एक कोयता' म्हणतात. त्यांच्या कोप्या, पहाटेच्या चुली, उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा हे हिवाळ्यातले नेहमीचे दृश्य. आता तोडणी यंत्रे वाढत आहेत. आज कंटाळवाणी वाटणारी बैलगाड्यांची रांग काही वर्षांनी दिसेलच असे नाही.

भिगवणच्या बाजारातली चिलापी मासळी, इंदापूरची डाळिंबाची बाग, मोटारसायकलवरून जाणारे दुधाचे कॅन, मेंढरांमागे चालणारे धनगर कुटुंब, कवी मोरोपंतांच्या बारामतीतले जुने वाडे आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले नवे मजले, हे सगळे याच यादीत बसते.

फोटो 'नोंद' कशी बनते?

शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईंनी आयुष्यभरात एक लाखाहून अधिक फोटो काढले आणि ते जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत. भाड्याच्या गोदामात ठेवलेले त्यांचे सामान भाडे थकल्यामुळे २००७ मध्ये लिलावात निघाले, तेव्हा ते लोकांसमोर आले. त्या २००९ मध्ये वारल्या. आज त्यांचे नाव जगभर आहे, पण फोटोतली माणसे कोण होती, हे आता त्यांना विचारता येत नाही.

आपल्या फोटोंचेही तेच होऊ शकते. ते टाळायला पाच गोष्टी लिहाव्या लागतात:

१. तारीख. निदान महिना आणि वर्ष.
२. ठिकाण. गाव, तालुका, जिल्हा. 'भिगवणजवळ' यापेक्षा 'डिकसळ, ता. इंदापूर' चांगले.
३. काय किंवा कोण. माणसे असतील तर डावीकडून उजवीकडे नावे.
४. निमित्त. पालखी, लग्न, पूर, बाजार, शाळेची सहल.
५. फोटो कोणी काढला.

नमुन्यादाखल अशी ओळ पाहा: 'पळसदेव, ता. इंदापूर, जि. पुणे. जुने पळसनाथ मंदिर, पाणी ओसरल्यावर. १२ मे २०२४, सकाळी ७. फोटो: (तुमचे नाव)'. लिहायला अर्धे मिनिट लागते.

मोबाइल फोटोमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी दिलेली असेल तर जीपीएसवरून ठिकाणही आपोआप साठवतो. या माहितीला 'एक्झिफ' म्हणतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते आणि फोटोही लहान होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलच्या नावात दिसणारी तारीख फोटो पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते, काढल्याची नव्हे. जुने फोटो 'आजचे' म्हणून फिरतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. मूळ फोटो द्यायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

साठवण्यासाठी सोपा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मोबाइल, हार्ड डिस्क आणि ऑनलाइन साठवण एवढे पुरते. मोबाइल पाण्यात पडला की वारीचे दहा वर्षांचे फोटो एका क्षणात जातात.

घरातल्या जुन्या फोटोंचे काय करावे?

उजनीच्या आधीचे गाव पाहिलेली माणसे आता साठीच्या पुढे आहेत. कोणाच्या पेटीत लग्नाचा एखादा फोटो असतो आणि मागे जुना वाडा, पार किंवा नदीचा घाट दिसतो. फोटो काढणाऱ्याला नवरा-नवरी हवी होती, पण आज मागची भिंत तेवढीच मोलाची आहे, कारण ती भिंत पाण्याखाली गेली.

असे फोटो खिडकीजवळच्या मऊ उजेडात, फ्लॅश न वापरता, सरळ वरून मोबाइलने टिपा. मागची बाजूही टिपा, कारण स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख तिथेच असते. काचेत चिकटलेला फोटो ओढून काढू नका. मग आजी-आजोबांना शेजारी बसवा, फोटो दाखवा आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. 'ही कोण? हे घर कुठे होते?' एवढेच विचारा. बाकी ते सांगतात. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

फोटो कुठे देता येतात?

विकिमीडिया कॉमन्स: विकिपीडियातल्या लेखांना लागणारी चित्रे इथे साठवली जातात. मुक्त परवान्याखाली दिलेला तुमचा फोटो कोणीही नावासह वापरू शकतो, व्यापारी कामासाठीही. हे मान्य असेल तरच द्या.

ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट: पक्षी, प्राणी, झाडांच्या नोंदी तारीख-ठिकाणासह इथे जमा होतात आणि अभ्यासकांना वापरता येतात. धूसर फोटोही चालतो, ओळख पटली म्हणजे झाले.

इंडियन मेमरी प्रोजेक्ट: २०१० मध्ये सुरू झालेला हा ऑनलाइन संग्रह घरगुती जुने फोटो आणि त्यांच्या कहाण्या जपतो.

गावची शाळा, ग्रामपंचायत किंवा वाचनालयात छापील प्रतींचा एक अल्बम ठेवला, तर तोही उपयोगाचा ठरतो.

काय टाळावे?

उडताना रोहितचे लाल-काळे पंख सुंदर दिसतात, म्हणून नाव थव्यात घालायला सांगू नका. प्रत्येक वेळी उडण्यात पक्ष्याची ताकद खर्च होते आणि खाणे थांबते. घरट्याजवळ जाऊ नका. लांडग्याची वीण हिवाळ्यात होते, तेव्हा बिळाच्या आसपास फिरू नका. घरटे किंवा बीळ यांचे नेमके ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका.

अभयारण्यात जाण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. बारामतीत विमानतळ असून तिथे वैमानिक प्रशिक्षणाची उड्डाणे होतात, म्हणून त्या परिसरात कुठे बंदी आहे ते आधी तपासा. पक्ष्यांच्या थव्यावर ड्रोन नेऊ नकाच.

वारीत नदीकाठी अंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या स्त्रियांचे फोटो काढू नका. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. ऊसतोड कामगारांच्या कोपीत डोकावण्याआधी विचारा. 'ताई, फोटो काढू का?' एवढे पुरते. नाही म्हटले तर मोबाइल खाली घ्या. हो म्हटले तर एक प्रिंट नंतर नेऊन द्या. अनेकांकडे स्वतःच्या मुलांचे कागदावरचे फोटो नसतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा फोटो दुसऱ्याने नाव न देता वापरला तर?
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच सहसा पहिला मालक असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या किंवा नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंना वेगळा नियम लागू होऊ शकतो. हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. 'साभार: सोशल मीडिया' असे लिहिणे म्हणजे परवानगी नव्हे. मूळ फाइल जपून ठेवा, फोटो तुमचा असल्याचा तो सोपा पुरावा आहे.

चांगल्या फोटोसाठी महागडा कॅमेरा लागतो का?
लांबच्या पक्ष्यांसाठी मोठी लेन्स लागते. बाकी बहुतेक विषयांना मोबाइल पुरतो. लेन्स पुसा, झूम करण्याऐवजी शक्य असेल तिथे जवळ जा, सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड वापरा.

सगळे फोटो ठेवायचे का?
नाही. सहलीहून आल्यावर त्याच आठवड्यात दहा-वीस निवडा, त्यांना तारीख, गाव आणि नावे लिहा. पाचशे निनावी फोटोंपेक्षा माहिती लिहिलेले हे वीस फोटो वीस वर्षांनी अधिक कामाला येतील.

पळसदेवचा फोटो पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर?
पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा: कधीचा, कोणी काढला? उत्तर मिळाले तर ते फोटोखाली लिहून मगच पाठवा. मिळाले नाही तर 'आजचा' म्हणून पाठवू नका. आणि तुम्ही स्वतः तिथे गेलात, तर फोटोसोबत दिवस आणि गाव लिहायला विसरू नका.